इम्पॅक्ट पीपी: दुसऱ्या रिॲक्टरचा हायड्रोजन व्हॉल्व्ह बंद, तरी हायड्रोजन वाढतोच

नंदगडकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा खानापूर तालुक्यातील नंदगडचा. केमिकल इंजिनिअरिंगचे शिक्षण पूर्ण करून सध्या किनारपट्टीवरील एका पॉलिप्रोपिलीन प्लांटमध्ये प्रशिक्षणार्थी इंजिनिअर म्हणून काम करतो. आपल्या बेळगाव भागात फाउंड्री, हायड्रॉलिक्स आणि साखर कारखाने यांची जाण असलेली माणसे गावोगाव भेटतात, परंतु पॉलिमर प्लांटमध्ये काम केलेल्यांची गाठ सहसा पडत नाही, म्हणून येथे विचारत आहे.

आमच्याकडे दोन टप्प्यांत इम्पॅक्ट कोपॉलिमर (आघात सोसणारे पॉलिप्रोपिलीन, म्हणजेच इम्पॅक्ट पीपी) तयार होते. पहिल्या रिॲक्टरमध्ये केवळ प्रोपिलीनपासून होमोपॉलिमरची पावडर बनते आणि ती पावडर, तिच्यातील कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) जिवंत असतानाच, दुसऱ्या गॅस-फेज रिॲक्टरमध्ये जाते. तेथे एथिलीन आणि प्रोपिलीन यांच्या मिश्रणातून त्याच कणांच्या आत रबराचा भाग तयार होतो. दुसऱ्या रिॲक्टरमध्ये हायड्रोजन आणि एथिलीन यांचे गुणोत्तर ०.०१५ च्या आसपास ठेवणे अपेक्षित आहे. कमी एमएफआयच्या (वितळलेला माल किती सहज वाहतो, त्याचा आकडा) ग्रेडला ते सहज राहते. परंतु जास्त एमएफआयची ग्रेड सुरू झाली की दुसऱ्या रिॲक्टरचा हायड्रोजन व्हॉल्व्ह पूर्ण बंद असतानाही हे गुणोत्तर हळूहळू ०.०४ पर्यंत चढते. अशा वेळी शिफ्टमधील ज्येष्ठ मंडळी व्हेंट (वायू बाहेर सोडण्याचा मार्ग) उघडून वायू रिकव्हरीकडे, म्हणजे तो परत मिळवण्याच्या यंत्रणेकडे, सोडतात. गुणोत्तर खाली येते, पण एथिलीन आणि प्रोपिलीनही त्याबरोबर जाते आणि तासा-दोन तासांत पुन्हा तेच.

माझे प्रश्न असे: बंद व्हॉल्व्हमागे वाढणारा हा हायड्रोजन नेमका किती असतो आणि तो कागदावर कसा मोजावा? व्हेंटशिवाय दुसरा उपाय आहे का? आणि वायूतील घटकांचे प्रमाण मोजणाऱ्या ॲनालायझरच्या आकड्यावर किती विसंबावे? उत्तर सविस्तर असले तरी चालेल, किंबहुना सविस्तरच हवे आहे.

निपाणीचा प्रोसेसवाला

नंदगडकर, प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून उत्तरही हिशेबासह देतो. मी बरीच वर्षे अशाच दोन टप्प्यांच्या प्लांटमध्ये प्रोसेस विभागात काढली आहेत.

आधी हायड्रोजनचे काम पाहू. झिग्लर-नट्टा कॅटॅलिस्टवर पॉलिमरची साखळी वाढत असताना हायड्रोजन ती साखळी तोडून मोकळी करतो आणि त्याच जागी नवी साखळी सुरू होते. हायड्रोजन जास्त असला की साखळ्या आखूड होतात, वितळलेला माल पातळ वाहतो आणि एमएफआय वाढतो. इम्पॅक्ट ग्रेडमध्ये दोन टप्प्यांच्या गरजा परस्परविरुद्ध असतात. होमोपॉलिमर सहज वाहावा म्हणून पहिल्या टप्प्यात भरपूर हायड्रोजन हवा, तर रबराच्या साखळ्या लांब राहाव्यात म्हणून दुसऱ्या टप्प्यात तो अगदी थोडा हवा. रबराच्या साखळ्या आखूड झाल्या की पावडर चिकट होते, रिॲक्टरच्या भिंतीवर आणि नळ्यांत बसू लागते आणि मालाचा इम्पॅक्टही घसरतो.

आता हिशेब. पुढील आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या प्लांटचे घाला. पहिल्या रिॲक्टरमधून ताशी २० टन पावडर बाहेर पडते, तेथील दाब २० बार ॲब्सोल्यूट, तापमान ७० अंश सेल्सिअस आणि वायूमध्ये ५ टक्के हायड्रोजन आहे असे समजा. पावडरची बल्क डेन्सिटी (ढिगाची घनता) घनमीटरला ४५० किलो आणि कणाची घनता ९०० किलो धरली, तर ढिगाचा निम्मा भाग म्हणजे कणांमधली पोकळी असते. ताशी २० टन पावडर म्हणजे सुमारे ४४ घनमीटरचा ढीग, आणि त्यात २२ घनमीटर वायू. आदर्श वायूच्या सूत्राने त्या दाबाला आणि तापमानाला एका घनमीटरमध्ये सुमारे ७०० मोल वायू मावतो. म्हणजे पावडरबरोबर ताशी साडेपंधरा किलोमोल वायू पुढे सरकतो आणि त्यात ०.७८ किलोमोल हायड्रोजन असतो. वजनाने तो जेमतेम दीड किलो आहे. एवढासा दीड किलो काय करणार, असे वाटते खरे, पण पुढचा ताळा पाहा.

दुसऱ्या रिॲक्टरमध्ये १४ बार ॲब्सोल्यूट आणि ७५ अंश धरू, आणि तेथे ताशी ५ टन रबर बनते असे मानू. बाहेर पडणारी पावडर आता ताशी २५ टन झाली. तिच्या पोकळीतून ताशी सुमारे १३.४ किलोमोल वायू बाहेर जातो. हायड्रोजनला बाहेर पडण्याचा हा एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे प्रक्रियेत खर्च होणे, पण तो फार अरुंद आहे, कारण एक साखळी तोडायला फार तर हायड्रोजनचा एक रेणू लागतो. रबराचा संख्यात्मक सरासरी रेणुभार एक लाख धरला, तर एका टनात १० मोल साखळ्या येतात आणि ५ टनांसाठी ताशी ०.०५ किलोमोल हायड्रोजन खर्च होतो. येणारा ०.७८ आणि खपणारा ०.०५ म्हणजे उरलेला ०.७३ किलोमोल पावडरबरोबरच्या १३.४ किलोमोल वायूतून बाहेर पडायला हवा. त्यासाठी दुसऱ्या रिॲक्टरमधील हायड्रोजन साडेपाच टक्क्यांच्या आसपास चढावा लागेल. म्हणजे दोन टप्प्यांमध्ये काहीच केले नाही, तर दुसऱ्या रिॲक्टरचा हायड्रोजन पहिल्यापेक्षाही किंचित जास्त होतो! तुमचा व्हॉल्व्ह बंद आहे की उघडा, याला तेथे काहीच अर्थ उरत नाही.

व्हेंटचा हिशेब याहून बोलका आहे. याच उदाहरणात हायड्रोजन ०.५ टक्क्यावर ठेवायचा म्हटले, तर ०.७३ भागिले ०.००५ म्हणजे ताशी १४६ किलोमोल वायू बाहेर जायला हवा. त्यांतील १३ पावडरबरोबर जातात, उरलेले १३३ किलोमोल व्हेंटमधून सोडावे लागतात. या मिश्रणाचा सरासरी रेणुभार ३६ धरला, तर ताशी जवळजवळ पाच टन वायू होतो. जितके रबर बनवायचे तितकाच वायू रिकव्हरीकडे पाठवायचा, असा हा व्यवहार आहे. म्हणून व्हेंट हे तात्पुरते साधन समजावे. त्याला नेहमीचे नियंत्रण मानू नये.

खरे नियंत्रण दोन रिॲक्टरांच्या मधल्या भांड्यात असते. पावडर पुढे ढकलण्याआधी त्या भांड्याचा दाब २० वरून दीड बारपर्यंत उतरवला, तर पोकळीतला वायू साडेसात टक्केच उरतो आणि त्यातील हायड्रोजन ताशी ०.०५८ किलोमोल होतो. दुसऱ्या रिॲक्टरची गरज, ०.५ टक्के हायड्रोजनसाठी, ०.०६७ पावडरबरोबर जाणारा अधिक ०.०५ खपणारा, अशी एकूण ०.११७ किलोमोल आहे. आता निम्मा हायड्रोजन मागून येतो आणि निम्मा तुमच्या व्हॉल्व्हने द्यावा लागतो. व्हॉल्व्हच्या हाती सूत्रे येतात ती येथे. हायड्रोजन पॉलिमरमध्ये फारसा विरघळत नाही, त्यामुळे दाब उतरवला की तो चटकन निघतो. कणात विरघळलेला प्रोपिलीन मात्र सावकाश बाहेर येतो आणि येताना पोकळीतील उरलासुरला हायड्रोजन बाहेर ढकलतो, हा आणखी एक फायदा.

तेव्हा माझा पहिला सल्ला असा की पॅनेलवर दुसऱ्या रिॲक्टरचा ट्रेंड पाहत बसण्याऐवजी मधल्या भांड्यात दाब प्रत्येक फेरीला (भांडे एकदा भरून रिकामे होताना) नेमका किती खाली उतरतो, ते पाहा.

चिकोडी इन्स्ट्रुमेंट

निपाणीच्या साहेबांनी हिशेब फार चांगला मांडला आहे. मी निवृत्त इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर, प्रोसेस गॅस क्रोमॅटोग्राफवर (वायूमिश्रणाचे घटक वेगळे करून मोजणाऱ्या ॲनालायझरवर) माझी बरीच नोकरी गेली. ॲनालायझरच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो.

हायड्रोजन मोजण्यासाठी थर्मल कंडक्टिव्हिटी डिटेक्टर वापरतात. त्यात कॅरिअर वायू (नमुना वाहून नेणारा वायू) आणि मोजायचा वायू यांच्या उष्णतावाहकतेत जितका फरक, तितका सिग्नल मोठा. हेलियम आणि हायड्रोजन यांची उष्णतावाहकता जवळजवळ असल्याने हेलियम कॅरिअरवर हायड्रोजनचे शिखर लहान आणि बेभरवशाचे येते. म्हणून हायड्रोजनच्या मार्गाला नायट्रोजन किंवा आर्गॉन कॅरिअर देतात. परंतु कॅरिअर नायट्रोजन असेल तर त्या मार्गावर रिॲक्टरमधला नायट्रोजन दिसत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तुमच्या ॲनालायझरच्या शेल्टरमध्ये कोणत्या मार्गाला कोणता सिलिंडर जोडला आहे, ते एकदा स्वतः जाऊन पाहून या.

दुसरी गोष्ट आकड्यांच्या बेरजेची. बहुतेक ॲनालायझर सर्व घटकांची बेरीज १०० करून मगच आकडे पॅनेलवर पाठवतात. ही जुळवाजुळव होण्याआधीची कच्ची बेरीज आतल्या पानावर दिसते. ती ९८ ते १०२ च्या दरम्यान स्थिर असेल तर आकडे विश्वासार्ह. ती घसरत ९२ वर आली असेल, तर फिल्टर पावडरने तुंबला आहे, सॅम्पलचा दाब पडला आहे किंवा एखादा घटक मोजलाच जात नाही. पॅनेलवर मात्र सारे नीटनेटके १०० दिसत राहते. शिफ्टमध्ये रुजू होताच मी आधी ही बेरीज पाहत असे.

तिसरी गोष्ट सॅम्पल लाइनची. पहिल्या रिॲक्टरचा वायू मुख्यतः प्रोपिलीन असतो आणि प्रोपिलीनचा बाष्पदाब २५ अंशांना सुमारे साडेअकरा बार असतो. वीस बारचा वायू, दाब कमी करण्याआधी, पावसाळ्यात थंड पडलेल्या नळीतून नेला तर त्याचे थेंब होणारच, आणि मग हायड्रोजनचे प्रमाण आहे त्यापेक्षा जास्त दिसते. म्हणून दाब सॅम्पल पॉइंटजवळच उतरवावा आणि नळी गरम ठेवावी. हीटिंग चालू आहे की नाही, हे कंट्रोल रूममधल्या दिव्यावर न जाता नळीच्या पृष्ठभागाचे तापमान मोजून ठरवावे.

शेवटचा मुद्दा उशिराचा. एका विश्लेषणाला काही मिनिटे लागतात, त्यात नळीतल्या प्रवासाची भर पडते. पॅनेलवरचा आकडा नेहमी मागच्या वेळेचा असतो. एका आकड्यावरून व्हॉल्व्ह फिरवला आणि पुढचा आकडा येण्याआधी पुन्हा फिरवला, की गुणोत्तर खालीवर झुलू लागते. पुरवठ्याचा फ्लो कंट्रोलर जलद असू द्यावा आणि ॲनालायझरने त्याचा सेट पॉइंट सावकाश दुरुस्त करावा, ही कॅस्केडची रचना आपल्याकडे असेलच. तिचा वेग मात्र ॲनालायझरच्या उशिराला धरून ठरवलेला हवा.

नंदगडकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. चिकोडीचे काका, कच्ची बेरीज पाहिली. ती ९९ च्या आसपास स्थिर आहे, म्हणजे आकडा खरा धरून चालतो.

निपाणीचे साहेब, आणखी दोन शंका. एक, व्हेंट उघडल्यावर एथिलीनचे प्रमाण अर्ध्या-पाऊण तासात सावरते, पण हायड्रोजन मात्र एकदा चढला की व्हेंट उघडल्याशिवाय पुढची अख्खी शिफ्ट जागचा हलत नाही. एकाच रिॲक्टरमधले दोन वायू इतके वेगळे का वागतात? दुसरी, मधल्या भांड्यात नायट्रोजन सोडून पावडर धुऊन काढली तर हायड्रोजन आणखी निघणार नाही का? आमच्याकडे एका ज्येष्ठांनी ही कल्पना मांडली आहे.

निपाणीचा प्रोसेसवाला

पहिल्या शंकेचे उत्तर त्याच उदाहरणात आहे. रिॲक्टर आणि त्याची वायू फिरवणारी सगळी लाइन मिळून ३०० घनमीटर धरा. १४ बारला त्यात सुमारे १४५ किलोमोल वायू मावतो. त्यात ३५ टक्के एथिलीन म्हणजे ५१ किलोमोल. ५ टन रबरात निम्मे एथिलीन असेल तर ताशी ८९ किलोमोल एथिलीन खर्च होते, म्हणजे सगळा साठा अर्ध्या तासाच्या थोडा पुढेमागे बदलून निघतो. याउलट ०.५ टक्के हायड्रोजन म्हणजे ०.७३ किलोमोल, आणि त्याला बाहेर पडायला सगळे मार्ग मिळून ताशी ०.११७ किलोमोल. साठा बदलायला सहा तासांहून जास्त वेळ लागतो. एथिलीन स्वतःच्या खपाने सावरते. हायड्रोजनला खप जवळजवळ नाहीच. म्हणून हायड्रोजन वर जाऊ देण्यापेक्षा तो किंचित खालच्या बाजूला ठेवणे केव्हाही शहाणपणाचे, कारण कमी पडला तर व्हॉल्व्ह उघडून काही मिनिटांत भरता येतो, जास्त झाला तर मात्र सहा तास थांबावे लागते किंवा मौल्यवान वायू सोडावा लागतो. जास्त एमएफआयकडून कमी एमएफआयकडे ग्रेड बदलताना वेळ जास्त जातो, त्यामागेही हेच कारण आहे.

येथे फीडफॉरवर्ड फार कामी येतो. मागून येणारा हायड्रोजन म्हणजे पावडरचा दर, मधल्या भांड्यातील दाब आणि पहिल्या रिॲक्टरमधील हायड्रोजनचे प्रमाण यांचा गुणाकार. हे तिन्ही आकडे तुमच्या डीसीएसमध्ये (प्लांटच्या संगणकीय नियंत्रण प्रणालीत) आधीपासून आहेत. दुसऱ्या रिॲक्टरचा ॲनालायझर बोलण्याची वाट न पाहता हा गुणाकार दर फेरीला काढून हायड्रोजनचा पुरवठा आधीच तेवढा कमी करता येतो.

नायट्रोजनबद्दल मात्र मी सावध करीन. हायड्रोजन निघेल, यात शंका नाही, पण त्याची जागा नायट्रोजन घेईल आणि तो पावडरबरोबर दुसऱ्या रिॲक्टरमध्ये येऊन साठत जाईल. त्याला तर खप शून्य. प्रोपेनचेही तसेच आहे. पॉलिमर ग्रेड प्रोपिलीन साधारण ९९.५ टक्के शुद्ध असते आणि उरलेल्यात मुख्यतः प्रोपेन असते. ते प्रक्रियेत भाग घेत नाही आणि फिरत्या वायूत जमा होत राहते. आपल्याकडच्या साखर कारखान्यांत पॅनच्या कॅलेंड्रियामधून (वाफेने तापणाऱ्या नळ्यांच्या भागातून) द्रवरूप न होणारे वायू सतत सोडावे लागतात, नाहीतर वाफेचा दाब भरपूर दिसूनही उष्णता उतरत नाही. त्याचाच हा भाऊ समजा. एकूण दाब १४ बारच दिसतो, पण निष्क्रिय वायू ८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेले तर एथिलीन आणि प्रोपिलीन यांचा मिळून आंशिक दाब (एकूण दाबातला त्यांचा वाटा) दहा टक्क्यांहून जास्त घटतो आणि रबर बनण्याचा वेग मंदावतो. गुणोत्तरे मात्र जशीच्या तशी दिसतात! माझा आग्रह असा की मालाच्या दर्जासाठी गुणोत्तर पाहावे आणि उत्पादनाच्या वेगासाठी आंशिक दाब पाहावा. पॅनेलवर दोन्ही ट्रेंड शेजारी शेजारी लावून ठेवा. पावडर धुवायचीच असेल तर शुद्ध प्रोपिलीनची वाफ वापरावी. ती दुसऱ्या रिॲक्टरमध्ये गेली तरी तेथे तिची गरजच आहे.

रासायनिक मार्गही आहे. पॉलिएथिलीनच्या क्षेत्रात टिटॅनोसीन जातीची संयुगे अल्प प्रमाणात देऊन हायड्रोजनची एथिलीनशी प्रक्रिया घडवतात आणि त्याचे एथेन करून टाकतात. परंतु एथेन हा पुन्हा निष्क्रिय वायूच, शिवाय एथिलीन वाया जाते. दाब नीट उतरत नाही तोवर या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

उद्यमबाग मोल्डर

चर्चा वाचून राहवले नाही. माझे बेळगावच्या उद्यमबागमध्ये इंजेक्शन मोल्डिंगचे छोटे युनिट आहे. आम्ही पीपीसीपीच्या (पॉलिप्रोपिलीन कोपॉलिमरच्या) दाण्यापासून क्रेट आणि बॅटरीचे बॉक्स बनवतो. तुम्ही लोक ज्या वायूबद्दल बोलत आहात त्याचा परिणाम आमच्या मशीनवर कसा दिसतो, ते सांगावेसे वाटले.

मागच्या हिवाळ्यात एकाच ग्रेडचे दोन लॉट आले. दोन्हींच्या प्रमाणपत्रावर एमएफआय सारखा होता, २३० अंश आणि २.१६ किलोला मोजलेला. आमच्या मशीनवरही दोन्ही सारखेच वाहिले. सायकल टाइम तोच, तापमान तेच. परंतु दुसऱ्या लॉटचे क्रेट डिसेंबरच्या पहाटे गाडीत चढवताना कोपऱ्यावर पडले की तडकू लागले. आम्ही दोन्ही लॉटचे क्रेट रात्रभर बाहेर ठेवून सकाळी एकाच उंचीवरून, एकाच कोपऱ्यावर टाकून पाहिले. पहिल्याचा कोपरा पांढरा पडून दबला, दुसऱ्याला गेटच्या (साच्यात माल शिरतो त्या) ठिकाणापासून सरळ चीर गेली. पुरवठादाराने प्रमाणपत्र दाखवून हात झटकले. पुन्हा दळलेला माल मिसळला असेल, असेही ऐकवले. आम्ही दोन्ही वेळा पूर्ण नवा दाणा वापरला होता.

माझा प्रश्न असा की एमएफआय सारखा असून इम्पॅक्ट वेगळा कसा? आणि आमच्यासारख्या लहान युनिटने दाणा घेताना काय मागावे?

निपाणीचा प्रोसेसवाला

मोल्डर दादा, तुमचे निरीक्षण अगदी मोलाचे आहे. प्लांटमध्ये बसून क्रेटचा कोपरा दिसत नाही.

तयार मालाचा एमएफआय बऱ्याच अंशी होमोपॉलिमरचा भाग ठरवतो, कारण तोच तीन-चतुर्थांशाहून जास्त असतो आणि सलग असतो. रबर त्यात बारीक थेंबांच्या रूपाने विखुरलेले असते. रबराचे प्रमाण थोडे घटले, किंवा त्याच्या साखळ्या आखूड झाल्या, आणि पहिल्या टप्प्यातील हायड्रोजन थोडा कमी करून शेवटचा एमएफआय जुळवला, तर प्रमाणपत्रावर काहीच दिसणार नाही. थंडीत मात्र दिसेल, कारण होमोपॉलिमर शून्य अंशाच्या आसपास काचेसारखा ठिसूळ होतो आणि बेळगावच्या डिसेंबरच्या पहाटेही तो बराच ताठर झालेला असतो. रबर उणे ५० अंशांच्या आसपासपर्यंत लवचीक राहते आणि तडा अडवते. ते थेंबच कमी असतील किंवा कच्चे असतील, तर तडा सरळ धावतो.

एथिलीनचे प्रमाणही येथे महत्त्वाचे. या कॅटॅलिस्टवर एथिलीन प्रोपिलीनपेक्षा कितीतरी वेगाने साखळीत शिरते, म्हणून वायूमध्ये दोहोंपैकी एथिलीनचा वाटा ३५ ते ४० टक्के ठेवला तरी रबरात वजनाने निम्म्याच्या आसपास एथिलीन येते. वायूतले एथिलीन थोडे वाढले तरी रबरातले चांगलेच वाढते, त्यात पॉलिएथिलीनसारखे स्फटिकी तुकडे तयार होऊ लागतात आणि रबराचा रबरपणा कमी होतो. गंमत अशी की अशा वेळी मालातील एकूण एथिलीन उत्तम दिसते. नंदगडकर, म्हणून एकूण एथिलीन आणि रबराचे प्रमाण हे दोन वेगळे आकडे आहेत, हे प्रयोगशाळेशी बोलताना विसरू नका.

मोल्डर दादा, तुम्ही काय मागावे, तर एमएफआयबरोबर खाचेसह आयझॉड इम्पॅक्ट (खाच पाडलेला नमुना किती आघात सोसतो, त्याचा आकडा), तोही २३ अंशांबरोबर शून्याखालच्या एखाद्या तापमानाला, आणि झायलीनमध्ये विरघळणाऱ्या भागाची टक्केवारी. ही टक्केवारी रबराच्या प्रमाणाचा बऱ्यापैकी अंदाज देते. प्रत्येक लॉटचे हे तीन आकडे वहीत उतरवून ठेवा आणि लॉटमधला किलोभर दाणा बाजूला राखून ठेवा. वाद झाला तर तोच उपयोगी पडतो.

चिकोडी इन्स्ट्रुमेंट

दोन लॉटची कोपऱ्यावरची चाचणी एकाच सकाळी, एकाच उंचीवरून घेतलीत, ते उत्तम केलेत. तीच पद्धत कायम ठेवा. फक्त त्या सकाळचे तापमान लिहीत जा.

नंदगडकर

मधल्या भांड्याचे निरीक्षण करून आलो. कमी एमएफआयच्या ग्रेडला उत्पादनाचा दर कमी असतो आणि दाब जवळजवळ दीड बारपर्यंत उतरतो. जास्त एमएफआयच्या ग्रेडला दर वाढवतात, भांड्याच्या फेऱ्या जलद होतात आणि पुढचा व्हॉल्व्ह उघडण्याच्या क्षणी दाब अजून सहा बारच्या आसपास असतो. आमच्या प्लांटचे आकडे तुमच्या उदाहरणात घालून पाहिले, तर गुणोत्तर ०.०४ च्या जवळच येते. म्हणजे हायड्रोजन येथूनच येतो. दाब उतरवण्याचा टायमर वाढवावा, असे सुचवू का?

निपाणीचा प्रोसेसवाला

माझ्या उदाहरणातही सहा बार घातले तर हायड्रोजन सुमारे १.४ टक्के येतो आणि ३५ टक्के एथिलीनशी त्याचे गुणोत्तर ०.०४ होते. तुमची दिशा बरोबर आहे. पण टायमरकडे वळण्याआधी दोन गोष्टी तपासा.

एक, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद असताना, रिकव्हरीकडचाही बंद करून, भांड्याचा दाब काही मिनिटे पाहा. तो स्वतःहून चढत असेल तर पहिल्या रिॲक्टरकडच्या व्हॉल्व्हची सीट पावडरने खरवडली गेली आहे आणि वायू थेट आत शिरतो आहे. कणात विरघळलेल्या प्रोपिलीनमुळेही दाब थोडा वाढतो, म्हणून हीच चाचणी रिकाम्या भांड्यावरही घ्या आणि दोन्ही चढांची तुलना करा. रिकाम्या भांड्यातही दाब चढला, तर दोष व्हॉल्व्हचाच.

दोन, रिकव्हरी कंप्रेसरच्या सक्शनचा (वायू ओढून घेण्याच्या बाजूचा) दाब पाहा. तेथेच चार-पाच बार साचत असतील, तर टायमर कितीही वाढवला तरी भांडे त्याखाली उतरणार नाही. किनारपट्टीवर एप्रिल-मे महिन्यांत कूलिंग वॉटर तापते, कंडेन्सरची क्षमता घटते आणि त्याचा ताण मागे कंप्रेसरपर्यंत येतो. व्हेंटमधून सोडलेला तुमचा वायूही त्याच रिकव्हरीकडे जात असेल, तर ज्येष्ठ मंडळी हायड्रोजन कमी करण्यासाठी जो व्हेंट उघडतात तोच सक्शनचा दाब वाढवून भांडे नीट रिकामे होऊ देत नसेल. दोन्ही ट्रेंड एकावर एक ठेवून पाहा.

टायमर बदलायचा झाल्यास तो बदल लेखी मंजुरीनेच व्हावा. फेरी लांबली की पहिल्या रिॲक्टरमधील पावडरची पातळी वाढते, आणि या सगळ्या प्रणालीत ज्वलनशील वायू आहेत: हवेत प्रोपिलीन २ टक्के, एथिलीन २.७ टक्के आणि हायड्रोजन ४ टक्के झाले की आग धरू शकतात. व्हॉल्व्हच्या क्रमाचे इंटरलॉक (चुकीचा क्रम रोखणारी सुरक्षा यंत्रणा) कोणत्याही चाचणीसाठी बायपास करू नका. सहा बारांचा ट्रेंड, हा हिशेब आणि सक्शनचा आलेख एकत्र करून तुमच्या प्रोसेस प्रमुखांकडे द्या. दर थोडा कमी करून दोन शिफ्ट चालवून पाहण्याची परवानगी मागा. भांडे दीड-दोन बारपर्यंत उतरले आणि व्हेंट न उघडता गुणोत्तर खाली आले, तर पुढचे काम कंप्रेसरवर करायचे की व्हॉल्व्हवर, हे तेच ठरवतील.

नंदगडकर

रिकाम्या भांड्याची चाचणी पुढच्या ग्रेड बदलाच्या वेळी घेता येईल, तोवर सक्शनचा आलेख काढायला घेतो. आकडे हाती आले की येथेच लिहीन.